डेस्मोप्रेसिन नेझल स्प्रे: कधी गुण येतो, कधी येत नाही, असं का होतं?

स्प्रे मारला, तरी तीन तासांत पुन्हा लघवीला धावाधाव. काल मात्र त्याच एका पफवर रात्रभर झोप लागली होती. अतोनात लघवी होण्याच्या आजारावर डेस्मोप्रेसिन या औषधाचा नाकातला स्प्रे वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. तिच्यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे आणखी एक पफ मारणं, आणि नेमका तोच सगळ्यात धोक्याचा आहे. डोस कमी पडला तर तहान लागते, झोपमोड होते; तहान नीट कळत असेल आणि पाणी हाताशी असेल तर काही तास निभावून नेता येतात. डोस जास्त झाला तर पाणी शरीरात साचतं, रक्तातलं सोडियम घसरतं, आणि ते घसरल्याचं लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असू शकतो. म्हणून गुण येत नाही असं वाटलं की आधी बाटली तपासायची, मग नाक, मग घड्याळ. डोसचा विचार सगळ्यात शेवटी, आणि तोही डॉक्टरांनी करायचा.

औषध करतं काय

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून ते रक्तात सोडलं जातं. मूत्रपिंडाला ते एकच निरोप देतं: पाणी वाया घालवू नकोस, परत रक्तात घे. हा निरोप येईनासा झाला की मोठ्या माणसाला दिवसाला ३ लिटरपेक्षा जास्त लघवी होते. आजार तीव्र असेल तर १० लिटरच्याही पुढे जाते, आणि दिसायला ती जवळपास पाण्यासारखीच असते. या आजाराला डायबेटिस इन्सिपिडस म्हणत. साखरेच्या आजाराशी त्याचा काही संबंध नाही, पण नावातल्या ‘डायबेटिस’मुळे इतके गैरसमज झाले की २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या संघटनांनी ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी’ हे नवं नाव सुचवलं. कागदपत्रांत आता दोन्ही नावं दिसतात.

डेस्मोप्रेसिन हे त्याच संप्रेरकाचं प्रयोगशाळेत बनवलेलं, जास्त वेळ टिकणारं रूप. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: तुम्ही किती पाणी प्यायलात हे या औषधाला कळत नाही. निरोगी शरीर जास्त पाणी प्यायल्यावर स्वतःचं व्हॅसोप्रेसिन थांबवतं आणि जादा पाणी लघवीवाटे काढून टाकतं. स्प्रेचा असर चालू असताना ही वाट बंद असते. प्यालेलं पाणी आतच राहतं.

बाटलीवरचा आकडा

सगळ्यात गंभीर चूक नाकापर्यंत पोहोचायच्या आधीच होऊ शकते. याच औषधाचे वेगवेगळ्या ताकदीचे स्प्रे आहेत. जास्त लघवीच्या आजारासाठीच्या नेहमीच्या स्प्रेत एका पफला १० मायक्रोग्रॅम औषध असतं. लेबलवर मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं. हिमोफिलिया ए किंवा व्हॉन विलेब्रँड आजारात रक्तस्राव रोखण्यासाठी जो स्प्रे देतात, त्यात एका पफला १५० मायक्रोग्रॅम असतं आणि लेबलवर मिलिलिटरला १.५ मिलिग्रॅम. औषध तेच, ताकद मात्र १५ पट. ‘डेस्मोप्रेसिन नेझल स्प्रे’ एवढंच वाचून बाटली उचलली तर एका पफमध्ये १५ पफचा डोस जाऊ शकतो. रात्री वारंवार उठावं लागणाऱ्या प्रौढांसाठी अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेला स्प्रे तर उलट टोकाचा होता: एका पफला २ मायक्रोग्रॅमहूनही कमी. तेव्हा नवी बाटली हातात आली की जुन्या बाटलीशेजारी ठेवून दोन्हींवरचा आकडा ताडून पाहावा. औषधाचं नाव जुळलं म्हणजे झालं, असं इथे चालत नाही.

मोठ्यांचा दिवसाचा डोस साधारण १० ते ४० मायक्रोग्रॅम असतो, एकदम किंवा दोन-तीन वेळांत विभागून. लहान मुलांना ५ मायक्रोग्रॅमचीही गरज पडते, आणि इथे स्प्रेचा उपयोग नाही, कारण पंप अर्धा पफ देऊच शकत नाही. बटण अर्धवट दाबून ५ मायक्रोग्रॅम मिळतात असं समजू नये. त्यात किती औषध येईल याचा काही भरवसा नसतो. १० च्या पटीत न बसणाऱ्या डोससाठी मापाच्या खुणा असलेली नळी किंवा औषधाचं दुसरं रूप डॉक्टरांकडून मागून घ्यावं.

पंप: पहिले पफ आणि शेवटचे पफ

नव्या बाटलीच्या पंपात आणि नळीत हवा असते. ती न काढता पहिला पफ मारला तर नाकात औषधाऐवजी हवा आणि चार थेंब जातात. नेहमीच्या १० मायक्रोग्रॅमच्या स्प्रेला पहिल्या वापराआधी साधारण ४ वेळा हवेत दाबावं लागतं. आठवडाभर वापरला नसेल तर पुन्हा एकदा. हा आकडा बाटलीगणिक बदलतो, म्हणून आपल्या पेटीतल्या पत्रकात तो शोधून बाटलीवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहून ठेवावा. फवारा नीट झाला की नाही हे पाहायला मागे गडद रंगाचं कापड धरावं: एकसारखं बारीक धुकं दिसलं की पंप तयार. पिचकारीसारखी धार आली, किंवा टोकाशी थेंब लोंबकळत राहिला, तर अजून नाही. दुसरीकडे, रोजच्या रोज ‘खात्रीसाठी’ एक-दोन पफ हवेत उडवायची सवय लागली असेल तर ती सोडावी. बाटली वेळेआधी संपते आणि मोजणी चुकते.

मोजणीचं कारण शेवटच्या पफमध्ये आहे. ५ मिलिलिटरच्या बाटलीतून ५० पूर्ण पफ मिळतात, प्रत्येक ०.१ मिलिलिटरचा. पन्नास झाले तरी बाटली हलवली की आत द्रव डुचमळतो, आणि औषध महाग असल्याने ती टाकवत नाही. पण त्या तळाच्या औषधापर्यंत नळी नीट पोहोचत नाही. पुढच्या प्रत्येक पफमध्ये किती औषध येईल ते सांगता येत नाही: एकात सहा, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात नुसती हवा. ‘महिनाअखेरीला गुण कमी होतो’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं. दिवसाला दोन पफ असतील तर बाटली २५ दिवसांत संपली असं धरायचं, दिसायला काहीही उरलेलं असो. उरलेलं औषध नव्या बाटलीत ओतणं तर अजिबात नको. बाटली उघडलेली तारीख आणि संपायची तारीख दोन्ही लेबलवर लिहिल्या की रोज मोजत बसावं लागत नाही.

नळी बाटलीत सरळ उभी नसते, किंचित एका बाजूला वळलेली असते. बाटली उजेडासमोर धरली की तिचं टोक कोणत्या कोपऱ्यात आहे ते दिसतं. स्प्रे मारताना बाटली अशी तिरकी करावी की औषध त्या कोपऱ्याकडे जमेल. आडवं झोपून, बाटली जवळजवळ आडवी धरून मारलेला पफ अर्धा रिकामा जातो, तो याच कारणाने.

साठवण पत्रकाप्रमाणेच करावी. काही स्प्रे खोलीच्या तापमानाला, २० ते २५ अंश सेल्सिअसला ठेवायचे असतात, काही फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांना. ब्रँड बदलला की हा नियमही बदलू शकतो. गोठलेली बाटली किंवा बंद गाडीत तापलेली बाटली वापरू नये. बाटली उभी ठेवावी. टोक कोमट पाण्याने किंवा स्वच्छ कापडाने पुसावं; त्यात टाचणी घालून भोक मोकळं करू नये, कारण भोक जरासं मोठं झालं तरी धुक्याऐवजी धार येते.

नाक

नाकातून या औषधाचा अगदी छोटा हिस्सा, ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास, रक्तात पोहोचतो. इतक्या थोड्यावर सगळं गणित बसवलेलं असल्याने नाकाच्या अस्तरात जरा बदल झाला की असर पालटतो. सर्दी, अ‍ॅलर्जी, सुजलेलं अस्तर, सुकलेली खपली, जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण: यातल्या कशानेही औषध कमी शोषलं जातं, किंवा एका दिवशी कमी आणि दुसऱ्या दिवशी जास्त. पियुषिकेची गाठ नाकावाटे काढलेल्या रुग्णांत सुरुवातीचे काही आठवडे नाकात कापूस आणि खपल्या असतात. अशा वेळी स्प्रेवर विसंबता येत नाही.

मारायची पद्धत साधी आहे, पण हातघाईत चुकते. आधी नाक हळुवार शिंकरावं. डोकं किंचित मागे. टोक नाकपुडीत सरळ आत न खुपसता थोडं बाहेरच्या बाजूला, म्हणजे त्याच बाजूच्या डोळ्याच्या दिशेने धरावं; मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला तर तिथली त्वचा सोलवटते आणि घोळणा फुटतो. बटण एकदाच, पूर्ण खाली दाबावं. श्वास हलका. जोरात आत ओढलं की औषध घशात उतरतं, आणि गिळलेल्या औषधाचा उपयोग जवळपास शून्य, कारण पोटातून या औषधाचा हजारातला एखादाच भाग रक्तात जातो. दोन पफ सांगितले असतील तर प्रत्येक नाकपुडीत एक. एकाच बाजूला दोन मारले तर दुसरा ओघळून येतो. घशात कडवट चव आली तर पुढच्या वेळी श्वास आणखी हलका ठेवावा.

पफ मारल्या मारल्या शिंक आली, नाकातून पाणी आलं, किंवा मारला की नाही हेच आठवेना, तर पुन्हा मारू नये. पुढचा डोस त्याच्या वेळेला. विसरलेल्या डोसची भरपाई म्हणून दोन एकदम घेणं हीसुद्धा तीच चूक.

नाक पूर्ण चोंदलं असेल तर चोंदलेल्या नाकात पफ वाढवण्यापेक्षा डॉक्टरांना फोन करावा. ते काही दिवसांपुरती गोळी, जिभेखाली विरघळणारी वडी किंवा इंजेक्शन देऊ शकतात. पण हा बदल स्वतः हिशेब मांडून करू नये. नाकावाटे १० मायक्रोग्रॅमच्या बरोबरीला गोळीतून १०० ते २०० मायक्रोग्रॅम लागतात, तर इंजेक्शनमधून अवघा १ मायक्रोग्रॅम. एका रूपाचा आकडा दुसऱ्यावर चिकटवला तर चूक दहापट ते शंभरपट होते. डोस सर्दीतच वाढवून घेतला असेल तर आणखी एक सापळा: नाक मोकळं झालं की तोच डोस जास्त ठरतो. सर्दी उतरल्यावर डोस पुन्हा कमी करायचा का, हे आधीच विचारून ठेवावं.

घड्याळ आणि वही

बाटली ठीक, नाक ठीक, तरीही असर लवकर उतरतो, असं असेल तर वही काढावी. स्प्रेचा असर साधारण तासाभरात सुरू होतो आणि बहुतेकांत ८ ते १२ तास टिकतो. काहींत बराच जास्त. म्हणजे रात्री ९ ला मारलेला पफ सकाळी ७ ला उतरला तर तो बिघाड नाही, तो त्याचा स्वभाव आहे. पण १ वाजताच उतरत असेल तर काहीतरी चुकतंय.

वहीत चार रकाने पुरेत: वेळ, पफ, किती प्यालो, किती लघवी झाली. लघवी मापाच्या भांड्यात मोजावी, अंदाजाने नाही. समजा नोंद अशी निघाली: ९.०० ला एक पफ, १०.३० ला २५० मिलिलिटर, मग सकाळी ५.३० ला ३५० मिलिलिटर गडद, आणि ७.०० ला ६०० मिलिलिटर पांढरी स्वच्छ. हा उत्तम डोस आहे. ७ ला आलेली स्वच्छ लघवी म्हणजे असर उतरून आत जमलेलं पाणी बाहेर पडतंय. पुढच्या डोसआधी असा एक मोकळा प्रवाह होऊ द्यावा, असं तज्ज्ञ मुद्दाम सांगतात. काहींना आठवड्यातून एकदा डोस उशिरा घ्यायला सांगतात, तोही यासाठीच. लघवी जरा वाढली की घाईने पुढचा पफ मारणारा माणूस ही झडप कधी उघडूच देत नाही, आणि पाणी दिवसागणिक साचत जातं.

रोज सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करावं. एका रात्रीत १ किलो वाढलं तर ती चरबी नसते, ते साधारण एक लिटर पाणी असतं. तहान न कळणाऱ्या रुग्णांत तर वजन हाच मुख्य आधार. त्यांचं पाणी आणि डोस दोन्ही डॉक्टरांनी आखून दिलेल्या आकड्यावर चालतं.

सकाळचा आणि रात्रीचा डोस सारखाच असावा असं काही नाही. वही पाहून डॉक्टर दोन्ही वेगवेगळे ठरवतात.

पाण्याची जुनी सवय

निदान होण्याआधी महिनोन्महिने दिवसाला आठ-दहा लिटर पिऊन शरीर जगवलेलं असतं. उशाशी बाटली, पिशवीत बाटली. स्प्रे सुरू झाल्यावर तहान कमी होते, पण हात बाटलीकडे जातच राहतो. हीच सवय सोडियम पाडते. उपचार सुरू असताना तहान लागली तरच प्यायचं. ‘भरपूर पाणी प्या’ हा सगळीकडे ऐकू येणारा सल्ला या औषधावर असलेल्या माणसासाठी नाही, आणि घरातल्यांनाही ते नीट समजावून सांगावं.

रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर असायला हवं. स्प्रे सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ते पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा महिन्याभराने तपासतात. बरं वाटतंय म्हणून ही तपासणी टाळू नये, कारण हळूहळू घसरणारं सोडियम आधी काहीच सांगत नाही. मग डोकं जड होतं, मळमळ सुरू होते, भूक जाते, चिडचिड होते, वजन वाढतं. पुढे उलट्या, गोंधळलेलं बोलणं, सुस्ती, झटके, बेशुद्धी. डोकेदुखी आणि मळमळ दिसली की पुढचा डोस न घेता, पाणी आवरतं घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं आणि सोडियम तपासून घ्यावं. गोंधळ, झटका किंवा न उतरणारी गुंगी असेल तर फोनवर वेळ न घालवता तातडीच्या विभागात न्यावं, बाटली सोबत घेऊन. घरी मीठ चारून सोडियम वर आणायचा प्रयत्न करू नये. ते फार वेगाने वर गेलं तरी मेंदूला इजा होते.

मुलांच्या बाबतीत हे अधिकच खरं. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांसाठी पूर्वी हा स्प्रे सर्रास देत. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सोडियम घसरून झटके आलेल्या ६१ घटनांचा आढावा घेतला, त्यांत २ मृत्यू होते, आणि त्या कारणासाठी नाकातला स्प्रे देणं बंद केलं. घरात एखाद्याच्या नावाची बाटली आहे म्हणून ती मुलाला रात्रीपुरती वापरू नये.

इतर गोळ्या आणि आजारपण

नैराश्यावरच्या अनेक गोळ्या, फिट्सवरची कार्बामाझेपिन, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, ओपिऑइड (अफूच्या जातीच्या, तीव्र वेदनांवरच्या) गटातली औषधं: ही सगळी डेस्मोप्रेसिनसोबत पाणी साचण्याचा धोका वाढवतात. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्याही यात येतात, कारण त्या पाण्याबरोबर सोडियमही बाहेर काढतात. नवी गोळी सुरू झाली आणि आठवड्याभरात डोकं दुखू लागलं, तर दोष नव्या गोळीवर ढकलून मोकळं होऊ नये, सोडियम पाहावं.

उलट्या, जुलाब, ताप यांत दोन्हीकडून कात्री असते: शरीर पाणी गमावतं आणि वर पाणी-सरबत प्यायचा मारा होतो. अशा दिवशी डोस घ्यायचा, पुढे ढकलायचा की इंजेक्शनवर जायचं, हे डॉक्टरांकडून आजारी पडायच्या आधीच कागदावर लिहून घ्यावं.

दोष स्प्रेत नसेल तर

नवी बाटली, मोकळं नाक, नीट मारलेला पफ, आणि तरीही लघवीवर काडीचा फरक नाही: अशा वेळी निदानच तपासून घ्यावं लागतं. मनोविकारावरचं लिथियम घेणाऱ्यांत, किंवा रक्तात कॅल्शियम वाढलं वा पोटॅशियम घटलं असेल तर मूत्रपिंड हा निरोप ऐकतच नाही. साखर वाढली असेल तर लघवी साखरेमुळे वाढते. मूळ त्रास खूप पाणी पिण्याचाच असेल तर हे औषध सरळ धोकादायक आहे. मूत्रपिंडाचं काम मंदावलेल्यांनाही ते चालत नाही. आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी असलेल्याला त्याच्या भरपाईचं हायड्रोकॉर्टिसोन सुरू केलं की दबलेला जास्त लघवीचा आजार उघडा पडतो, लघवी एकदम वाढते; त्यात स्प्रेचा दोष नसतो.

रुग्णालयात भरती होताना

इथे धोका उलटा असतो. नावात ‘डायबेटिस’ दिसल्याने साखर तपासली जाते आणि स्प्रे मात्र यादीतून सुटतो. शस्त्रक्रियेआधी तोंडावाटे पाणी बंद, आणि औषधही नाही, अशा अवस्थेत काही तासांत माणूस कोरडा पडतो. डोस चुकल्याने झालेल्या मृत्यूंनंतर इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१६ मध्ये याबद्दल खास इशारा काढला होता. पाकिटात एक कार्ड ठेवावं: आजाराचं जुनं आणि नवं नाव, ‘साखरेचा आजार नाही’ असं ठळक, डेस्मोप्रेसिनचं रूप, एका पफची ताकद, डोसच्या वेळा, शेवटचं सोडियम किती आणि कधीचं. भरती होताना ते स्वतः परिचारिकेच्या हातात द्यावं, आणि शेवटचा पफ किती वाजता मारला तेही त्याच वेळी सांगावं.